रिकाम्या घरांचे राजकारण

राजकारण म्हणजे काय, असे आजच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यास विचारावे, तर 'सगळा खेळ आहे' असे उत्तर बहुधा मिळते. हे तो तुच्छतेने म्हणतो. ज्या खेळापायी तो स्वतः रात्री जागवतो, तो खेळ मात्र त्याच्या लेखी गंभीर बाब असते. ही विसंगती हसण्यावारी नेण्याजोगी नाही.

'पबजी' या खेळावर केंद्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली. त्याच वर्षी जूनमध्ये गलवानच्या खोऱ्यात आपले वीस जवान धारातीर्थी पडले होते. पुढे २०२१ साली नवे नाव धारण करून तो खेळ परतला. खेळाभोवती राजकारण असते ते असे. परंतु त्याच्या आतही एक राजकारण दडलेले आहे. शंभर माणसे एका ओसाड बेटावर उतरतात, उघड्या घरांत शिरतात, सापडतील ती हत्यारे उचलतात, आणि अखेरपर्यंत जो तगेल तो विजयी ठरतो. त्या घरांत पूर्वी कोण नांदत होते, ते कोठे गेले, हे कोणी विचारत नाही. बुद्धिबळाच्या पटावरील प्याद्यालाही बायकामुले नसतातच.

खेळाला हे क्षम्य आहे. पण आपल्या मराठवाड्यात घरे खरोखरच ओस पडली होती, आणि त्यांचा इतिहासही आपण खेळासारखाच सांगतो, ही चिंतेची गोष्ट आहे.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. बीडसह निजामी मुलुख झाला नाही. लातूरचा वकील कासिम रझवी याच्या रझाकारांच्या भयाने सरहद्दीलगतच्या अनेक कुटुंबांनी मुंबई इलाख्याची वाट धरली. मे १९४८ मध्ये बिदर जिल्ह्यातील गोरट्याला हत्याकांड झाले. अंबाजोगाईत शिक्षणकार्य केलेले स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने हात टेकले. चित्रपट येथे संपतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर आलेल्या 'रझाकार' या तेलुगू चित्रपटाला खलनायक हवा होता, आणि तो इतिहासानेच पुरविला होता.

परंतु घरे ओस पडण्याचे तेवढ्यावर थांबले नाही. पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक मंडळ त्याच वर्षाच्या अखेरीस संस्थानभर फिरले. पोलीस ॲक्शनच्या काळात व त्यानंतर २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा त्याने अंदाज दिला. मृतांत बहुसंख्य मुसलमान होते. उस्मानाबाद, नांदेड, बिदर व गुलबर्गा या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ पोहोचली. हा अहवाल कित्येक दशके दप्तरात बंद राहिला. त्याचा उल्लेख करणे म्हणजे रझाकारांच्या पापावर पांघरूण घालणे नव्हे. (हल्ली एवढेही स्पष्ट सांगावे लागते!)

अर्थशास्त्राच्या माणसाला येथे एक रूक्ष प्रश्न पडतो. घर सोडून माणूस जातो तेव्हा मागे जमीन उरते, जनावरे उरतात, पेवातले धान्य आणि सावकाराच्या वहीतले नावही उरते. हे सारे कोणाच्या पदरात पडले? १९४९ मध्ये जहागिरी खालसा झाल्या, १९५० मध्ये कूळकायदा आला. कायदा चांगलाच होता. पण कुळाचे नाव कागदावर चढविणारा हात गावच्या जुन्याच वतनदाराचा होता.

राज्यकारभाराचेही तसेच. मुक्तीनंतर आधी लष्करी गव्हर्नर जनरल चौधरी, मग सनदी अधिकारी वेल्लोडी. निवडून आलेले मंत्रिमंडळ दिसण्यास १९५२ साल उजाडले. तोवर स्टेट काँग्रेसमधील गटबाजीला बहर आला होता. लढ्याचे नेते असूनही स्वामीजी कधी मंत्री झाले नाहीत. १९७४ मध्ये विकासाचा प्रश्न घेऊन मराठवाड्याचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले; त्यांतील बहुतेकांचा जन्मच मुक्तीनंतरचा. येथील भ्रमनिरास हा असा हप्त्याहप्त्याने झाला आहे. त्याला खलनायक नाही, म्हणून त्याचा चित्रपटही निघत नाही.

आपल्या राजकीय कादंबरीने ही उणीव भरून काढली, असे म्हणवत नाही. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' व 'सिंहासन' यांवरून जब्बार पटेलांनी १९७९ साली काढलेला चित्रपट श्रेष्ठच आहे. पण त्यात आपण सत्तेकडे पाहतो ते पत्रकार दिगूच्या नजरेने. खुर्चीची उलथापालथ पाहून त्याला वेड लागते. आपण शिक्षक-कारकून मंडळी तिकीट काढून घरी येतो आणि 'हे असेच चालायचे' म्हणून निवांत झोपतो. मध्यमवर्गाचा भ्रमनिरास त्याला बऱ्यापैकी सुखाचा असतो. ऊसतोडीला जाणाऱ्या बीडच्या मजुराला तो परवडत नाही. त्याचे घर दरसाल कित्येक महिने कुलूपबंद असते.

दरवर्षी १७ सप्टेंबरला ध्वजवंदन होते, भाषणे होतात, पेढे वाटले जातात. त्यात विद्यार्थ्यांना काम काहीच नसते. वास्तविक ते देता येईल. २०२३ साली आरक्षणाच्या प्रश्नावर न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा निजामकालीन दप्तरांतून कुणबी नोंदी शोधण्याचे मोठे काम सुरू झाले. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची अचानक गरज भासली. गावच्या जुन्या जमीननोंदी शेजारी ठेवून कोणाचे नाव कधी गळाले आणि त्या जागी कोणाचे आले, हे विद्यार्थ्यांना वाचता येईल. आपल्याच गावातील एखाद्या रिकाम्या घरापासून आरंभ करावा. १९४८ साली दहा वर्षांची असलेली माणसे आता नव्वदीला टेकली आहेत. त्यांच्याकडे आधी जावे, दप्तरे नंतर पाहता येतील.