तिसरी पीन कापू नका!

मंडळी, परवा मुलाने होम थिएटरचा प्रोसेसर आणि अ‍ॅम्प्लिफायर आणला. जोडणीला माणूस आला. त्याने आधी प्लग लावला, बटण दाबलं आणि मग वायरी खोचत बसला! मी म्हटलं, "अहो, आधी सगळ्या जोडण्या, वीज शेवटी." तो नुसता हसला. टीव्हीची एचडीएमआय केबल त्याने 'इन'मध्ये घातली, पडदा काळाच. मी भिंग घेऊन मागची अक्षरं वाचली. टीव्हीकडे जाणारी केबल 'आऊट'मध्ये, तीही 'एआरसी' लिहिलेल्या ठिकाणी. मग टीव्हीचा आवाजही तिच्यातूनच परत येतो.

इथवर ठीक. पण स्पीकर घूं घूं करू लागल्यावर पठ्ठ्या म्हणतो, "आजोबा, अ‍ॅम्प्लिफायरची ही जाड पीन कापतो, आवाज बंद!"

इथे मात्र माझा पारा चढला. ती पीन अर्थिंगची. आतली वायर सुटून धातूच्या पेटीला टेकली, तर करंट जमिनीत जावा, फ्यूज उडावा म्हणून ती असते. ती कापली तर २३० व्होल्ट जाणार कुणातून? पेटीला हात लावणाऱ्या माझ्या नातवातून!

घुंघुं बहुतेक वेळा दोन ठिकाणच्या अर्थिंगमुळे येते. डिशची केबल काढून पाहिली... आवाज गायब! म्हणजे इलाज केबलवर करायचा, पिनेवर नाही.

"सगळे असंच करतात" हे उत्तर मी वर्गात कधी चालवून घेतलं नाही. घरात कसं घेईन? तुमच्याकडची तिसरी पीन जागेवर आहे ना? आजच बघा.