बुधाचा हिशेब

गो. नी. दांडेकरांची ‘माचीवरला बुधा’ आम्ही प्रथम वाचली ती शाळकरी वयात, आणि तीत काहीच घडत नाही अशी तेव्हा आमची तक्रार होती. मुंबई सोडून एक म्हातारा राजमाचीला, आपल्या डोंगरात परततो आणि झाडे, जनावरे, पाखरे यांच्या संगतीत उरलेले दिवस काढतो, एवढेच काय ते कथानक. यंदा ही कादंबरी पुन्हा हाती घेतली, त्यास निमित्त झाले एका कर्जाच्या अर्जाचे.

लोणावळ्यात लहानशी सदनिका घ्यावी, असे आमच्या मनाने घेतले होते. हेतू उदात्तच होता. शहरापासून दूर, साधेपणाने राहावे. (त्या साधेपणासाठी २० वर्षांचे हप्ते बांधून घ्यावे लागणार, यातली गंमत अर्ज भरताना ध्यानात आली नाही.) मग कागदावर हिशेब मांडला. नोकरी आणि पावसाळी शनिवार-रविवारची घाटातली वाहनांची कोंडी लक्षात घेता वर्षाकाठी फार तर १५ दिवस तिथे राहणे होणार. उरलेले ३५० दिवस त्या १५ दिवसांसाठी राबायचे! द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाल्यापासून मावळातल्या उतारांवर जी घरे उभी राहिली, त्यांतली कितीतरी आठवडाभर कुलपातच असतात.

लोणावळ्याजवळच, कुरवंडे येथे, इंद्रायणी उगम पावते. तिच्याच काठी, खाली देहूस, तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते डोहात बुडविली, असे परंपरा सांगते. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळाने त्यांचा संसार आणि व्यापार दोन्ही मोडले होते. अशा वेळी लोकांकडून यायचा पैसा किती मोलाचा असेल! या प्रसंगास आपण वैराग्य म्हणून मोकळे होतो. आम्हांस मात्र त्यात ज्यांच्या नावे ती खते होती त्यांची सुटका अधिक दिसते. सावकाराच्या गरजा कमी झाल्या, म्हणून त्यांच्या दारची वसुली थांबली.

अर्थात हा दाखला सर्वांना लावता येणार नाही. राजमाचीच्या उधेवाडीतला माणूस चांगला रस्ता किंवा दवाखाना मागू लागला, तर त्याच्यापुढे बुधाचे उदाहरण ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाही. ज्याच्यापाशी सोडण्याजोगे काही आहे, त्यानेच काटकसरीचा विचार करावा. तळेगाव दाभाड्यास राहून लेखणीवर चरितार्थ चालविणारे आणि गडकोट पायी हिंडणारे दांडेकर (१९१६–१९९८) हा विचार आधी स्वतः जगले, म्हणूनच त्यांचा बुधा खोटा वाटत नाही.

अर्ज आम्ही मागे घेतला. पुण्याहून लोकलने लोणावळा गाठले आणि तुंगार्लीमार्गे १५-१६ किलोमीटर चालत राजमाचीस गेलो. उधेवाडीत एका घरी पिठले, भाकरी आणि वाफाळता भात जेवलो, रात्री त्यांच्याच ओसरीवर पडलो. सकाळी श्रीवर्धन चढताना आमचे जोडीदार विचारते झाले, की एका हप्त्याच्या पैशांत अशा किती खेपा होतील? उत्तर द्यायला दम उरला नव्हता.