एका शब्दाची पाहुणी

बालमित्रांनो, दिवाळीच्या सुट्टीत सकाळी एखाद्या आमराईत जाऊन बघा. झाडाखालच्या पाचोळ्यात चिमणीएवढं मातकट पाखरू तुरुतुरु चालताना दिसेल. चिमणीसारखं टुणटुण उड्या मारत नाही, बरं का! छातीवर काळ्या रेघा, शेपटी हळूच वर-खाली. तुमची चाहूल लागली, की ‘त्झीझ!’ एवढा एकच शब्द बोलून ते भुर्रकन फांदीवर जातं. ही वृक्ष तिरचिमणी.

गेल्या हिवाळ्यात सोनाळ्यात माझ्या वर्गातल्या एका मुलाने गलोलीने असंच एक पाखरू पाडलं. “बाई, चिमणीच तर आहे!” म्हणाला. मी रागावले नाही. भिंतीवरचा नकाशा दाखवला.

वृक्ष तिरचिमणीची घरटी युरोपपासून सैबेरियापर्यंत असतात, काहींची आपल्या वायव्य हिमालयातही. तिकडे थंडीत किडे मिळेनासे होतात, म्हणून काही आफ्रिकेत जातात, काही आपल्याकडे येतात. वजन अवघं 20-25 ग्रॅम, म्हणजे पाच चमचे साखरेएवढं! निघण्याआधी खाऊन-खाऊन अंगावर चरबी साठवायची, हीच वाटेची शिदोरी.

ही दिवसा उडते, तशी रात्रीही. रात्री हवा थंड नि शांत असते, ससाण्यांची भीती कमी असते. अशा लहान पाखरांना तारे आणि पृथ्वीचं चुंबकत्व दिशा दाखवतात. पण अंधारात सोबती कसे सापडणार? जत्रेत हात सुटला की आपण हाका मारतो ना, तशीच ही हाक: ‘मी इथं आहे, तू कुठं?’ शास्त्रज्ञ आता रात्री ध्वनिमुद्रक लावून अशा हाकांवरून कोणते पक्षी गेले ते ओळखतात.

तिला गाणं येत नाही असं नाही. तिकडे नर झाडाच्या शेंड्यावरून वर झेपावतो आणि गात-गात खाली उतरतो. आपल्याकडे मात्र हिवाळ्यात बहुधा तो एकच शब्द.

त्या मुलाने नकाशावर हिमालयापासून सोनाळ्यापर्यंत बोट फिरवलं. बराच वेळ काही बोलला नाही. त्याची गलोल आता माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्यानेच आणून दिली.

तुम्हीही कान देऊन ऐका. ‘त्झीझ’ आलं की तारीख वहीत लिहा. एप्रिलपर्यंत ऐकत राहा. शेवटची हाक कधी आली, तेही लिहा. पाहुणी सुखरूप परतायला हवी ना?