परत आलेल्या माणसाचं काय करायचं?

दिवाळीला शेगावला गेलो होतो. दर्शन झालं, कचोरी झाली, आणि मग उरलेले दिवस करायचं काय हा नेहमीचा प्रश्न. लॅपटॉपवर एक जुना सिनेमा होता, 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज'. १९४६ चा, ब्लॅक अँड व्हाइट, जवळजवळ तीन तासांचा! म्हटलं, मामा दहा मिनिटांत घोरायला लागतील. मामा शेवटपर्यंत जागे होते. (मध्ये थोडा वेळ झोपलो तो मीच.)

मामा रिटायर्ड हवालदार. एकोणिसाव्या वर्षी भरती, सतरा वर्षं पायदळात, छत्तिसाव्या वर्षी घरी. आपल्याकडे छत्तिशीत लोक टीम लीडचे मॅनेजर होतात. फौजेतला जवान त्या वयात 'माजी' होतो.

सिनेमाची गोष्ट तशी साधी. दुसरं महायुद्ध संपलंय आणि तिघं जण एकाच गावी परततायत. अल हा बँकेतला साहेब, फ्रेड बॉम्बफेकी विमानातला कॅप्टन, आणि होमर नौदलातला पोरगा, ज्याच्या दोन्ही हातांच्या जागी आता लोखंडी आकडे आहेत. ही भूमिका करणारा हॅरॉल्ड रसेल नट नव्हताच. १९४४ साली लष्करी प्रशिक्षणात स्फोट होऊन त्याचे हात खरोखरच गेले होते. या एकाच भूमिकेसाठी त्याला दोन ऑस्कर मिळाले.

सुरुवातीलाच तिघं टॅक्सीतून घराकडे निघतात. होमरचं घर जवळ येतं आणि तो म्हणतो, आधी कुठेतरी बसू, एकेक पेग घेऊ, मग जाऊ. घरी जायची भीती वाटतेय! इथे मामा पहिल्यांदा बोलले. "मी मलकापुरापासून डब्याच्या दरवाज्यात उभा होतो. पण शेगाव आलं तं उतरू का नको, असं झालं मले."

मी सतरा वर्षं हेच समजत होतो की त्या दिवशी मामा खूश होते. आम्ही हार घेऊन स्टेशनवर गेलो होतो ना...

फ्रेडचं पुढे काय होतं? युद्धाआधी तो एका औषधाच्या दुकानात सोडा-आइस्क्रीमच्या काउंटरवर होता. परत आल्यावर नोकरी मिळते ती त्याच दुकानात, आणि वर साहेब कोण, तर एकेकाळी त्याच्याच हाताखाली असलेला पोरगा. छातीवरची पदकं आइस्क्रीमच्या काउंटरवर चालत नाहीत. अलचा सीन मला जास्त आवडतो. अमेरिकेने १९४४ मध्येच कायदा करून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च आणि घर-शेतीच्या कर्जाला हमी, अशी सोय केली होती. तरी एक जण शेतीसाठी कर्ज मागायला येतो तेव्हा तारण काय, हा प्रश्न येतोच. अल कर्ज मंजूर करतो आणि वरच्या साहेबाची बोलणी खातो.

मामांनाही मालवाहू गाडी घ्यायची होती. हवं तेवढं पेन्शनवर बसत नव्हतं आणि सातबारा तिघा भावांच्या सामायिक नावावर. बँकेत समोर अल नव्हता. असो.

मग मामा पुण्याला आले, सिक्युरिटीत लागले, आणि फिरत फिरत त्यांची ड्यूटी नेमकी आमच्या ऑफिसच्या गेटवर लागली. पहिल्या दिवशी मी टीमबरोबर होतो. मामांनी सगळ्यांचं बघितलं तसं माझंही आयकार्ड बघितलं आणि म्हणाले, "गुड मॉर्निंग, सर." मी मान हलवली आणि आत गेलो. आम्ही दोघांनीही तो विषय आजवर काढलेला नाही.

आपल्या सिनेमांत हा माणूस का दिसत नाही? 'बॉर्डर' (१९९७) किंवा 'उरी' (२०१९) आपण टाळ्या वाजवत बघतो. आपल्याला लढणारा जवान आवडतो, तिरंग्यात लपेटलेला त्याहून आवडतो. पेन्शनच्या कागदासाठी रांगेत उभा असलेला आवडत नाही. 'पान सिंग तोमर' मध्ये एक परतलेला फौजी आहे, पण तो शेवटी बंदूकच उचलतो, म्हणून तर त्याच्यावर सिनेमा निघाला. मुरलीकांत पेटकरांचंही तेच. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलं, १९७२ मध्ये हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्ण मिळवलं. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, आणि बहुतेकांना नाव कळलं ते २०२४ च्या 'चंदू चॅम्पियन'मुळे! सुवर्णपदक नसतं तर? खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ पासून आहे. तिथल्या ज्यांनी पदकं जिंकली नाहीत, त्यांची गोष्ट कोण सांगणार? होमर काहीच जिंकत नाही. रात्री आकडे काढल्यावर आपण किती लाचार होतो, एवढंच तो आपल्या मैत्रिणीला दाखवतो. त्या सीनला मामा उठून पाणी प्यायला गेले.

२०२२ च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के जवान कायम होणार, बाकीचे बाविशी-पंचविशीत घरी. गेटवर उभं करायला इतकी गेटं तरी आहेत का? सलाम ठोकून आणि विमानतळावर टाळ्या वाजवून भागणार नाही. यांना जे येतं ते वापरणारं काम लागतं. मामा आता शेगावातच असतात आणि पाळी असते तेव्हा संस्थानात सेवेकरी म्हणून रांग सांभाळतात. पगार शून्य, पण तिथली त्यांची चाल बघा, गेटवर ती नव्हती.

सिनेमाच्या शेवटाकडे फ्रेड भंगारात काढलेल्या विमानांच्या मैदानात जातो. त्या विमानांच्या पत्र्यातून घरं उभी राहणार असतात, आणि तिथेच तो काम मागतो. मिळतं. मी मामांना सगळं समजावून सांगितलं. ते थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले.

"रोजानं लागला का महिन्यानं?"

सिनेमात ते सांगितलेलं नाही, म्हटलं. त्यांना ते काही पटलं नाही.