घराच्या दुरुस्तीला ‘सुप्रमा’ नसते

‘घर पाहावे बांधून’ असे सांगणाऱ्या म्हणीने जुने घर दुरुस्त करू पाहणाऱ्याचा विचार केलेला नाही. नवे घर बांधणाऱ्यापुढे निदान मोकळी जागा असते, हाती नकाशा असतो आणि पहिल्या दिवसापासून खर्च मोजता येतो. दुरुस्ती करणाऱ्याला मात्र भिंतीच्या आत काय दडले आहे, हे भिंत फोडल्यावरच कळते; आणि तोवर संसार अंगणात आलेला असतो. शिरूर आणि दौंड या पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुक्यांतून जाताना अशी घरे सहज नजरेस पडतात. खाली राहते घर, वर गिलाव्याविना उभ्या विटांच्या भिंती आणि स्लॅबच्या वर डोकावणाऱ्या गंजक्या सळया. त्यांतील अनेक घरांची कथा एकच असते : अंदाज चुकला, पैसे संपले आणि काम थांबले.

सरकारी प्रकल्पाचा खर्च वाढला, तर त्यासाठी एक सोय आहे. तिला ‘सुधारित प्रशासकीय मान्यता’ म्हणतात. सरकारी बोलीत ‘सुप्रमा’. शिरूरच्या काही भागाला पाणी देणाऱ्या कुकडी प्रकल्पाचे मूळ अंदाजपत्रक १९६०च्या दशकात चाळीस कोटींच्याही आतले होते. २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्याच प्रकल्पाला सुमारे ३,९४८ कोटी रुपयांची सुप्रमा दिली. या वाढीवर टीका होते आणि ती व्हायलाही हवी. तथापि, त्या व्यवस्थेत एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. वाढीची कारणे कागदावर मांडावी लागतात, नवा आकडा ठरवावा लागतो आणि त्याखाली कोणाची तरी सही लागते. कुटुंबाच्या खर्चाला ही पायरीच नसते. वाढीव रक्कम कोठून आणायची, हे ठरण्याआधीच ती खर्च झालेली असते. घरदुरुस्ती अंगाशी येते ती येथे.

पैसा येतो हंगामाने, खर्च होतो रोज

या दोन तालुक्यांत घराला हात घालणारी कुटुंबे साधारणपणे तीन प्रकारची आहेत. रांजणगाव, कारेगाव, सणसवाडी, शिक्रापूर या पट्ट्यात औद्योगिक वसाहती वाढल्या, तसे कामगारांना भाड्याने देण्यासाठी जुन्या घरावर मजला चढविणारे अनेक झाले. दौंड हे रेल्वेचे जंक्शन आणि राज्य राखीव पोलीस दलाचे ठाणे. तेथे निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेतून घर नीटनेटके करून घेणारा मोठा वर्ग आहे. तिसरा वर्ग भीमा आणि घोड नदीकाठच्या ऊस उत्पादकांचा.

या तिघांचीही अडचण एकच आहे. मिळकत एकरकमी किंवा हंगामी, तर गवंडी आणि बिगारी यांची मजुरी आठवड्याच्या आठवड्याला चुकती करावी लागते. ऊस तुटल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत, विलंब झाल्यास पंधरा टक्के व्याज द्यावे, असे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात नमूद आहे. परंतु कारखान्याचे बिल लांबले म्हणून सेंट्रिंगवाला थांबत नाही. निवृत्ताची स्थिती तर आणखी नाजूक. त्याच्या हातची रक्कम एकदाच येते आणि ती संपल्यावर पुन्हा उभी राहत नाही.

अंदाज कोठे चुकतो?

पहिले कारण जमिनीखाली आहे. नदीकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. उथळ पायावरच्या जुन्या भिंतींना त्यामुळे तडे जातात. मालकाला दिसते ती भेग. तिचे मूळ पायात असते. गिलाव्याचे काम म्हणून सुरू झालेली दुरुस्ती पायापर्यंत जाते ती अशी. जुन्या वीटकामाच्या भिंतींवर मजला चढवायचा, तर त्यांना तो भार पेलेल का, हे अभियंत्याने पाहावे लागते. ती तपासणी न करता काम काढले, तर नवे कॉलम उभारण्याचा खर्च मध्येच उद्भवतो. स्लॅबची गळती, आतील गंजलेली सळई, जुनी वायरिंग यांचेही तसेच.

दुसरे कारण व्यवहाराच्या रीतीत आहे. आपल्याकडे बांधकाम ‘चौरस फुटाच्या भावाने’ ठरते आणि तेही बहुधा तोंडी. नव्या बांधकामाला हा भाव काही प्रमाणात लागू पडतो. दुरुस्तीला तो जवळजवळ निरुपयोगी आहे. तोडफोड, राडारोडा वाहून नेणे, जुन्या-नव्या कामाचे सांधे जुळविणे यांचा त्यात हिशेबच नसतो. कंत्राटदार प्रत्येक वेळी लबाडच असतो असे नाही. न पाहिलेल्या कामाचा भाव त्याने सांगितला आणि मालकाने तो अंतिम मानला, यात चूक दोघांची आहे.

तिसरे कारण मालकाच्या मनात असते. ‘काम काढलेच आहे, तर हेही करून घेऊ’ हे दुरुस्तीतील सर्वांत महागडे वाक्य. फरशी बदलताना ओटा, ओट्याबरोबर कपाटे, कपाटांबरोबर छताला पीओपी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला व्हायला वेळ लागत नाही.

नदी दारात, वाळू महाग

चौथे कारण मालाच्या दरांचे. त्यात वाळूची गोष्ट या दोन तालुक्यांना विशेष लागू आहे. भीमा आणि घोड दारातून वाहतात. त्यांच्या पात्रांतील बेकायदा उपसा, महसूल खात्याने नष्ट केलेल्या यांत्रिक बोटी, पकडलेले ट्रक हा येथील वृत्तपत्रांचा नित्याचा मजकूर. तरीही सामान्य माणसाला पावतीसह रास्त भावाने वाळू मिळविणे कठीण जाते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये गौण खनिजांच्या छोट्या पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरविली. ऑगस्ट २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने अशा मंजुरीविना होणाऱ्या उपशाला मनाई केली. नदी वाचविण्यासाठी हे आवश्यकच होते. पण कायदेशीर पुरवठ्याची बाजू मात्र सतत बदलत राहिली. २०२३ मध्ये राज्य सरकारने ६०० रुपये ब्रास दराने शासकीय आगारांतून वाळू देण्याचे धोरण आणले. २०२५ मध्ये ती पद्धत गुंडाळून पुन्हा लिलावाकडे वळण्यात आले. घरकुल लाभार्थ्यांना पाच ब्रासपर्यंत मोफत वाळूची तरतूद राहिली. त्याच वर्षी कृत्रिम वाळूला उत्तेजन देताना तिच्यावरील स्वामित्वधन ब्रासला ६०० वरून २०० रुपयांवर आणले गेले. धोरण दोन वर्षांत बदलते, तेथे सहा महिन्यांच्या कामाचा भाव कोण कसा बांधणार? खडीपासून केलेली दर्जेदार कृत्रिम वाळू हा अशा वेळी भरवशाचा पर्याय आहे. तिच्यात भुकटीचे प्रमाण अधिक नाही ना, एवढे मात्र पाहून घ्यावे लागते.

पोलादाचेही तेच. २०२२ मध्ये भाव इतके चढले की मे महिन्यात केंद्राला निर्यात शुल्क लावावे लागले. नोव्हेंबरात ते मागे घेण्यात आले. उलट दिशेचे उदाहरण सिमेंटचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. पण या दिलाशाचे माप घेतले पाहिजे. गोणीची करापूर्वीची किंमत ३०० रुपये धरली, तर बचत ३० रुपयांची होते. शंभर गोण्यांमागे तीन हजारांची. दुरुस्तीचा खर्च लाखाने वाढला असेल, तर ही बचत त्यात कोठे दिसणारही नाही. वाढलेल्या अंदाजाला करकपातीचे ठिगळ पुरत नाही.

घरची ‘सुप्रमा’

मग खर्च हाताबाहेर जाऊ लागला, हे कळताच काय करावे? सर्वप्रथम काम थांबवावे; मात्र कोठेही नव्हे. उघडा स्लॅब, आधार काढलेली भिंत, अर्धवट वायरिंग अशा अवस्थेत थांबणे धोक्याचे आणि पुढे दुप्पट खर्चाचे ठरते. घर पावसापासून आणि पडझडीपासून सुरक्षित होईल, त्या टप्प्यापर्यंत काम न्यावे आणि तेथे आठवडाभराचा विराम घ्यावा. बाहेर राहिलेल्या सळयांना सिमेंटची गिलवणी करून ठेवणे हा किरकोळ खर्च आहे. न केल्यास त्या गंजून निकामी होतात.

त्या आठवड्यात तीन गोष्टी व्हाव्यात. झालेल्या कामाची प्रत्यक्ष मोजणी करून दिलेले पैसे आणि झालेले काम यांचा मेळ घालावा. उरलेल्या कामाचे तीन भाग करावेत : भार पेलणारे, पाणी अडविणारे आणि शोभेचे. पहिले दोन आता, तिसरे पुढच्या हंगामाला. रंग, कपाटे, पीओपी यांवाचून घर उभे राहते. पाया आणि गच्ची यांवाचून नाही. शेवटी नवा आकडा कागदावर मांडून त्यावर घरातील कर्त्या मंडळींनी आणि कंत्राटदाराने सह्या कराव्यात. दर पडताळण्यासाठी सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची खुली आहे. सरकार स्वतः ज्या दरांवर अंदाजपत्रके करते, ते पाहण्याची सवय नागरिकांनीही लावून घ्यायला हरकत नाही. भिंती हलविणे किंवा मजला चढविणे या कामांना नियोजन प्राधिकरणाची परवानगी लागते, हेही याच वेळी तपासावे. परवानगीविना वाढविलेल्या बांधकामावर बँक कर्ज देण्यास कचरते.

कर्ज घ्यावे लागलेच, तर ते कोठून घेतले यावर घराचे भवितव्य ठरते. उदाहरणादाखल दोन लाखांचा हिशेब पाहू. बँकेचे दहा टक्के दराचे कर्ज पाच वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे ४,२५० रुपये येतो आणि एकूण परतफेड अडीच लाखांच्या थोडी वर जाते. हीच रक्कम खासगीत ‘शेकडा तीन’ने घेतली, तर दरमहा सहा हजार रुपये केवळ व्याजाचे. पाच वर्षांत तीन लाख साठ हजार देऊनही मुद्दल जसेच्या तसे उभे राहते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ मध्ये लागू झाला. त्याखाली परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्के, तर इतरांकडून अनुक्रमे १५ आणि १८ टक्केच आकारता येतात. ‘शेकडा तीन’ म्हणजे वर्षाला ३६ टक्के. अशा व्यवहारात जमीन अडकली असेल, तर तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे किंवा सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. फरशीच्या हौसेपायी जमिनीचा सातबारा दुसऱ्याच्या हाती जाणे ही या भागात काल्पनिक भीती नाही.

कंत्राटदाराने पैसे घेऊन काम अर्धवट सोडले, तर ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. घरबांधणी ही ‘सेवा’ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात स्पष्ट केले. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही. मात्र ती दोन वर्षांच्या आत करावी लागते. तेथेही कागदच बोलतो. रोखीने आणि विश्वासाने दिलेल्या पैशांचा पुरावा आयोगापुढे कोठून आणणार?

धोरणातील रिकामी जागा

हा प्रश्न केवळ कुटुंबाच्या शिस्तीचा नाही. आपली सारी गृहधोरणे नव्या घराकडे पाहतात. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात २०१६ पासून सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये मिळत आले. ते पुरत नाहीत, हे राज्य सरकारनेच २०२५ मध्ये ५० हजारांची भर घालून मान्य केले; त्यातील १५ हजार सौर यंत्रणेसाठी. म्हणजे सरकारलाही आपल्या घरकुलाला ‘सुप्रमा’ द्यावी लागली. जुने पण टिकाऊ करता येण्याजोगे घर असलेल्याला मात्र अशी मदत नाही. प्राप्तिकराच्या जुन्या प्रणालीतही राहत्या घराच्या खरेदी किंवा बांधकामाच्या कर्जव्याजावर दोन लाखांपर्यंत वजावट मिळते, दुरुस्तीच्या कर्जव्याजावर अवघी तीस हजारांची.

शिरूर आणि दौंड या दोन्ही नगरपरिषदांना आणि पंचायत समित्यांना एक काम अल्प खर्चात करता येईल : माफक शुल्कात जुन्या घराची अभियंत्याकडून पूर्वतपासणी आणि साध्या मराठीतील कराराचा नमुना. पतसंस्था आणि सहकारी बँकांनी दुरुस्तीचे कर्ज कामाच्या टप्प्यांनुसार, पाहणी करून दिले, तर कर्जदाराइतकेच त्यांचेही हित साधेल.

तोवर एवढे तरी घरोघरी व्हावे, की पहिली भिंत फोडण्याआधी हाताशी असलेल्या रकमेचा पाचवा हिस्सा बाजूला काढून ठेवला जावा. अंदाज चुकणे हा गुन्हा नाही. मोठमोठ्या खात्यांचेही चुकतात. पण खात्यांची चूक तिजोरी सोसते. घराची चूक घरालाच सोसावी लागते आणि बहुतेक वेळा ती घरातल्या बाईच्या अंगावरच्या सोन्याने किंवा मुलांच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या पैशाने भरून निघते. तो निर्णय घ्यायचाच असेल, तर तो सर्वांनी एकत्र बसून, आकडे समोर ठेवून घ्यावा. गवंडी दारात मजुरीसाठी उभा असताना नव्हे.