तेल केव्हा बदलावे?

१ जून १९४८ रोजी अहमदनगरहून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरहून, पुण्यास एस.टी.ची पहिली गाडी निघाली, याचा या जिल्ह्यास सार्थ अभिमान आहे. परंतु गाडी किती धावली याची नोंद ठेवावयाची आणि ठराविक अंतरानंतर तिची तपासणी करावयाची, ही आगाराची शिस्त मात्र आपल्या घरातील वाहनापर्यंत पोहोचलेली नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

याचे एक कारण जुन्या सवयीत आहे. १९७२ साली आलेली आणि पुढे नगरच्या कारखान्यात घडलेली लुना या जिल्ह्यातील असंख्य शिक्षकांनी व कारकुनांनी वापरली. तिच्या पेट्रोलातच तेल मिसळावे लागे व ते त्याबरोबर जळून जाई. इंजिनाचे तेल बदलण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. आजच्या फोर-स्ट्रोक इंजिनात तेच तेल महिनोन् महिने फिरत राहते. काजळी, धातूचे कण आणि पाण्याचा अंश साठून ते निकामी होऊ लागते. पातळी उतरली म्हणून वरून भर घालणे म्हणजे तेल बदलणे नव्हे.

मग बदलावे तरी केव्हा? गॅरेजवाला त्याच्या सवयीने सांगतो, शेजारी अनुभवाने सांगतो आणि आपण तेलाचा काळा रंग पाहून ठरवतो. हे तिन्ही मार्ग भरवशाचे नाहीत. डिझेल इंजिनातील तेल तर थोड्याच दिवसांत काळे पडते. खरा आधार वाहनाबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेचा. तीत किलोमीटर व महिने अशा दोन्ही मर्यादा दिलेल्या असतात आणि जी आधी संपेल ती पाळावयाची असते. गाडी फारशी फिरत नाही, ही सबबही खरी नव्हे. रोज दोन किलोमीटरवरील शाळेत जाणाऱ्या दुचाकीचे इंजिन पुरते तापतच नाही, आणि तेलात शिरलेला ओलावा तसाच राहतो. उसाच्या हंगामातील धुळीच्या रस्त्यांवर तर मुदत आणखी अलीकडे घेणे शहाणपणाचे.

ब्रेकच्या तेलाची उपेक्षा याहून घातक आहे. ते हवेतील ओलावा शोषून घेते. करंजी किंवा चंदनापुरी घाट उतरताना ब्रेक तापले, की त्या पाण्याची वाफ होते आणि ऐनवेळी पाय नुसता आत जातो. येथे प्रश्न शे-दोनशे रुपयांचा नसून गाडीत बसलेल्या माणसांच्या जिवाचा आहे. साधारणतः दर दोन वर्षांनी हे तेल बदलण्याची शिफारस बहुतेक उत्पादक करतात, ती उगाच नव्हे.

विनाकारण लवकर तेल बदलणेही योग्य नव्हे. त्यात खिशास चाट बसते आणि टाकाऊ तेल वाढते. असे तेल कायद्याने घातक कचरा ठरते. १ एप्रिल २०२४ पासून त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी तेल-उत्पादकांवरही आली आहे. तरीही ते गटारात ओतले जाताना दिसते. पाण्याच्या थेंबासाठी झगडणाऱ्या या जिल्ह्यास हे परवडणारे नाही.

शाळेत हजेरी आणि कचेरीत आवक-जावक काटेकोरपणे लिहिणाऱ्या आपल्या वर्गास एक छोटी वही अवघड नाही. तारीख, किलोमीटर आणि काय बदलले, एवढ्या तीन रकान्यांत हे काम भागते.