विकणे आहे : गोळेवाला टाइपरायटर!

मित्रांनो, माळ्यावर एक अवजड पेटी धूळ खात पडलीय. उघडून बघता तर आत विजेवर चालणारा टाइपरायटर! घरातली मोठी माणसं म्हणतात, "भंगारात देऊन टाका." थांबा, घाई नको! जुन्या यंत्रांच्या शौकिनाला तो हवा असेल. पण विकायचा कसा?

आधी त्याची ओळख करून घ्या. 'आयबीएम सिलेक्ट्रिक' असं नाव दिसलं, तर चीज हाती लागली समजा. हे यंत्र १९६१ साली अमेरिकेत आलं. साध्या टाइपरायटरमध्ये अक्षरांच्या दांड्या असतात आणि कागदाचा रूळ सरकत जातो. इथे ना दांड्या, ना सरकता रूळ! लिंबाएवढा एक गोळा, त्यावर ८८ अक्षरं नि चिन्हं. कळ दाबली की गोळा फिरतो, झुकतो, नेमकं अक्षर कागदासमोर आणतो आणि ठप्प! गोळा बदलला की अक्षरांचं वळणही बदलतं. आहे की नाही गंमत?

पण लगेच प्लग लावायला धावू नका हं! अमेरिकेतली वीज साधारण १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची; आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. सरळ लावलं तर मोटार जळायची. मागच्या पट्टीवरचे आकडे वाचा आणि मोठ्यांना सांगून जाणकाराकडूनच ते सुरू करून घ्या.

यंत्र चालू झालं की प्रत्येक कळ दाबून एक कागद टाइप करा. काही कळा अडतील. वर्षानुवर्षं पडून राहिल्यावर आतलं ग्रीस घट्ट होतं ना!

आता खरी परीक्षा. जाहिरातीत काय लिहाल? 'उत्तम चालू स्थितीत' लिहिलं तर चार पैसे जास्त मिळतील. पण घेणारा घरी जाऊन 'र'ची कळ दाबेल, ती अडेल, आणि तुमच्या शब्दाची किंमत शून्य होईल. त्यापेक्षा लिहा, 'दोन कळा अडतात, साफसफाई हवी, टाइप केलेला नमुना सोबत.' पैसे कदाचित कमी मिळतील. पण दुरुस्तीची आवड असलेला माणूस असंच यंत्र शोधत असतो. त्याला फसवायचं की मदत करायची, हे तुमच्या हातात!

आणि हो, देण्याआधी रिबन काढून घ्या. एकदाच वापरायच्या कार्बन रिबनवर टाइप केलेली अक्षरं ओळीनं दिसतात. घरातलं खासगी पत्र परक्याला वाचता येईल! ही यंत्रं गुपितं फोडतात, हे अमेरिकेनंही अनुभवलंय. सोव्हिएत संघातल्या तिच्या वकिलातींमधल्या १६ सिलेक्ट्रिकमध्ये हेरगिरीची उपकरणं लपवलेली १९८४ साली सापडली. गोळ्याच्या हालचालींवरून टाइप होणारा मजकूर बाहेर पोचत होता!

शेवटी बांधणी. गोळा धरणारा भाग हलणार नाही असा पक्का करा, चहूबाजूंनी जाड गादी द्या आणि पेटी मजबूत घ्या. यंत्र जड आहे, एकट्यानं उचलू नका.

मग दोस्तांनो, माळ्यावर चढताय ना? जाहिरात लिहून झाली की एकदा मोठ्यानं वाचा. घेणारे तुम्ही असता, तर त्यात आणखी काय विचारलं असतं? तेही लिहून टाका!